टर्बोच्या पुढची हवा

टर्बो बसवलेल्या इंजिनात हवेचं तापमान मोजणारा सेन्सर नेमका कुठे लावायचा? वस्तू अंगठ्याएवढी, दोन तारांची. पण पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे दोन्ही ठरवताना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याचं म्हणणं ऐकतो. ते चुकीचं असेल तर इंजिन ठोकायला लागतं, आणि भरल्या टर्बोवर ठोकणारं इंजिन फार काळ टिकत नाही. म्हणूनच, स्वारगेटच्या मागून शंकरशेट रस्त्याकडे निघणाऱ्या गल्लीतल्या एका गॅरेजात या जागेवरून मामा-भाचीत जो वाद झाला, तो लिहून ठेवावासा वाटला.

मामांचा हात डिझेलवर बसलेला. साताऱ्या-महाबळेश्वरला जाणाऱ्या टूरच्या गाड्या त्यांच्याकडे येतात, आणि गेल्या काही वर्षांत टर्बो पेट्रोलही येऊ लागल्या आहेत. भाची चाकणच्या बाजूला इंजिन कॅलिब्रेशनचं काम करते, म्हणजे ईसीयूमधले तक्ते भरते आणि तपासते. वादाला निमित्त झाली १.२ लिटरची एक जुनी पेट्रोल हॅचबॅक. मालकाला तिच्यावर टर्बो चढवून लोणावळ्यापलीकडच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यतीत उतरवायची आहे. मूळ ईसीयू काढून प्रोग्रॅम करता येणारा नवा ईसीयू बसतो आहे. गाडी ट्रेलरवरूनच जाणार. इंजिनात असा बदल परवानगीविना करून गाडी रस्त्यावर आणायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, हे मामांनी काम हातात घेतानाच मालकाला बजावलं होतं.

टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा इंटरकूलर बसला, पाइप जुळले, आणि सेन्सरपाशी काम अडलं.

मामा : मॅनिफोल्डवरच बसवायचा. इंजिन जी हवा ओढतं ती मोजायची ना? मग व्हॉल्व्हच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. लांब पाइपात मोजून काय उपयोग? तिथून सिलिंडरपर्यंत येताना हवेचं काय होईल ते कोण सांगणार?

भाची : मामा, मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा आहे. हेडला चिकटून बसलेला. त्याच्यातून गरम पाणी फिरतंय. तिथे आटे पाडून सेन्सर घट्ट बसवलास की तो हवेपेक्षा धातूचं तापमान जास्त सांगणार. इंटरकूलरमधून निघालेल्या थंड पाइपात बसव, थ्रॉटलच्या थोडा अलीकडे.

मामा : आणि कंपनीवाले मॅनिफोल्डवर देतात ते? माझ्याकडे येणाऱ्या कित्येक गाड्यांत दाब मोजणारा मॅप सेन्सर आणि तापमानाचा सेन्सर एकाच तुकड्यात मॅनिफोल्डवर असतो. त्यांना कळत नाही असं म्हणायचंय का तुला?

भाची : त्यांना कळतं, म्हणून तर ते जमतं. त्याच्याकडे येते मी. पण आधी किती तापमानाची गोष्ट चाललीय ते बघू.

तिने एका जॉबकार्डाच्या पाठीवर आकडे मांडले. तो हिशोब मी इथे देतो, कारण तो पाहिल्याशिवाय पुढचा वाद नुसता मताचा वाटेल.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. मॅनिफोल्डमध्ये १८० किलोपास्कल हवे असतील तर टर्बोला हवा १.९ पट दाबावी लागते. हवा दाबली की तापते, आणि कंप्रेसर काही शंभर टक्के कार्यक्षम नसतो. तो ७० टक्के धरला आणि बाहेर एप्रिलची ३५ अंशांची दुपार धरली, तर टर्बोमधून निघणारी हवा १२४ अंशांच्या घरात जाते. पाणी उकळतं त्याहून जास्त. इंटरकूलरने त्यातली ७० टक्के वाढ काढून घेतली तरी पुढे ६२ अंशांची हवा येते. मुंबईत, समुद्राच्या पातळीवर, तेवढेच १८० किलोपास्कल मिळवायला टर्बोला कमी दाबावं लागतं. तिथे हवा सुमारे दहा अंश कमी तापते. देशावरच्या टर्बो गाडीला उंचीची ही किंमत मोजावी लागते.

मामा : म्हणजे टर्बोच्या आधी, एअर फिल्टरच्या डब्यात सेन्सर ठेवला तर तो ३५ सांगणार आणि सिलिंडरमध्ये जाणार ६२.

भाची : आणि इंटरकूलर चिखलाने नाहीतर पिशवीने झाकला गेला असेल तर शंभराच्या वर. सेन्सर तरीही ३५च सांगत बसेल. म्हणून ती जागा बाद.

मामा : एअर फ्लो मीटरच्या गाड्यांत तर तिथेच असतो. माझ्या अर्ध्या डिझेल गाड्यांत.

भाची : तिथे गणितच वेगळं आहे. एअर फ्लो मीटर हवेचं वजनच मोजतो. टर्बोने ती हवा पुढे कितीही दाबली, तापवली, तरी वजन बदलत नाही. त्यामुळे इंधनाच्या हिशोबाला पुढच्या तापमानाची गरज पडत नाही. आपल्या ह्या गाडीत एअर फ्लो मीटर नाही. आपण मॅनिफोल्डचा दाब आणि तापमान घेऊन हवेचं वजन काढणार आहोत. तापमान चुकलं की वजन चुकलं.

इथे मामांनी मान डोलावली. पुढेही वादाला धार आली ती त्यांच्या अशा मान डोलावण्यातूनच. कुठला मुद्दा सोडायचा आणि कुठला धरून ठेवायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

टर्बो आणि इंटरकूलर यांच्या मधला पाइप दोघांनीही एका वाक्यात निकालात काढला. तिथे सव्वाशे अंशांची हवा, तिच्याबरोबर क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ, आणि मोजलेला आकडा इंजिनात जाणाऱ्या हवेचा नव्हेच. कंप्रेसर कसा काम करतो हे अभ्यासायचं असेल तर तिथे सेन्सर लावतात. इंधनाचा हिशोब करायला नाही.

राहिल्या दोन जागा : इंटरकूलरनंतरचा थंड पाइप आणि मॅनिफोल्ड.

मामा : आता मी काय म्हणतो ते ऐक. मे महिन्यात दुपारी जेधे चौकात सिग्नलला उभा राहा. एसी चालू. गाडी उभी, पंखा फिरतोय, बॉनेटखाली भट्टी. इंजिन आयडलला हळूहळू हवा ओढतंय. ती हवा मॅनिफोल्डमधून जाताना तापणार की नाही? तापणारच. मग पाइपातला सेन्सर पंचेचाळीस सांगेल आणि व्हॉल्व्हपाशी खरोखर सत्तर असेल. आता खोटं कोण बोललं? तुझा पाइप!

हा मुद्दा मला बिनतोड वाटला, आणि भाचीनेही तो टोलवला नाही. आयडलला हे इंजिन सेकंदाला अडीच ग्रॅमच्या आसपास हवा ओढतं. पूर्ण टर्बोवर, साडेपाच हजार फेऱ्यांना, तेच इंजिन शंभर ग्रॅमच्या जवळ जातं. म्हणजे जवळजवळ चाळीस पट फरक. आयडलची हवा मॅनिफोल्डमध्ये रेंगाळते आणि धातूची उष्णता घेते. भरल्या टर्बोवरची हवा तिथून सपाट्याने निघून जाते, तिला तापायला सवडच मिळत नाही.

भाची : मामा, सिग्नलचं तुझं बरोबर आहे. पण सिग्नलला चूक झाली तर काय होतं? इंजिनवर भार नाही. एक्झॉस्टमधला लॅम्ब्डा सेन्सर इंधन दुरुस्त करत असतो. फार तर आयडल थोडं हलेल. आपलं इंजिन कुठे फुटेल? धावपट्टीवर, पूर्ण थ्रॉटलला. तिथे लॅम्ब्डाची दुरुस्ती बहुतेक वेळा बंद असते, ईसीयू तक्त्यावर विसंबून असतो. आता शर्यतीची रांग डोळ्यांपुढे आण. गाड्या एकामागे एक उभ्या, इंजिन चालू, ऊन डोक्यावर. तुझा जेधे चौक तिथेही आहेच. मॅनिफोल्ड तापून ८५-९० अंशांवर जातो. त्यातला सेन्सरही ९० दाखवतो. हिरवा दिवा लागला. हवा आता ६२ अंशांची येतेय, पण सेन्सरचं बूड तापलेल्या धातूत रुतलेलं. तो ९० वरून खाली यायला वेळ घेणार. पाव मैलाची शर्यत पंधरा सेकंदांत आटोपते. त्यातला बराचसा वेळ ईसीयू खोट्या आकड्यावर चालणार.

मामा : किती खोट्या?

भाची : ६२ ऐवजी ९० म्हटलं तर ईसीयूला हवा जवळजवळ आठ टक्के विरळ वाटते. तो पेट्रोल आठ टक्के कमी देतो. म्हणजे नेमकं भरल्या टर्बोवर मिश्रण पातळ. तापमान जास्त दिसतंय म्हणून तो ठिणगी थोडी उशिरा टाकेल, तेवढाच बचाव. पण पातळ मिश्रणाने आतलं तापमान चढतं आणि ठोका बसायची भीती वाढते.

मामा : आणि उलट झालं तर? सेन्सर थंड सांगतोय आणि हवा गरम?

भाची : ते आणखी वाईट. पेट्रोल जास्त जाईल, ते एक वेळ चालेल. पण हवा थंड आहे असं समजून ईसीयू ठिणगी लवकर टाकेल. गरम हवा, जास्त दाब आणि लवकर ठिणगी, यांनी पिस्टन जातो.

आणि याच वाक्यावरून वाद थोडा बाजूला गेला. आपल्याकडे ऑनलाइन 'पॉवर वाढवणारी चिप' म्हणून जे विकलं जातं, त्यातल्या काही नगांत या सेन्सरच्या तारेत बसवायचा एक रेझिस्टर असतो, बाकी काही नाही. या सेन्सरचा रोध तापमान वाढलं की उतरतो. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, आणि ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास. मध्ये जादा रोध घातला की ईसीयूला हवा थंड वाटते आणि तो ठिणगी पुढे ओढतो. टर्बो नसलेल्या इंजिनावर यातून क्वचित किंचित ताकद वाढल्यासारखी वाटेल. टर्बोवर तो ठोक्यापासूनचं संरक्षणच काढून घेतो. हे नग बसवून आलेल्या गाड्या मामांनी पाहिल्या आहेत. ते आधी तो तुकडा कापून काढतात आणि मगच गाडीला हात लावतात. मला वाटतं, हा एवढा मजकूर तरुण गाडीवाल्यांपर्यंत पोचला तरी हा लेख लिहिल्याचं सार्थक होईल.

मामा : बरं, कंपनीच्या गाडीवर ये. टाळू नको.

भाची : टाळत नाहीये. पहिली गोष्ट, आजच्या बहुतेक गाड्यांचा मॅनिफोल्ड नायलॉन प्लास्टिकचा असतो. तो उष्णता तितकी पुढे पाठवत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कंपनी सेन्सरचा आकडा जसाच्या तसा वापरत नाही. ईसीयूत एक तक्ता असतो : हवा कमी वाहत असेल तर सेन्सरबरोबर पाण्याच्या तापमानालाही वजन दे, हवा जास्त वाहायला लागली की सेन्सरवर जास्त विसंब. तुझं जेधे चौकाचं म्हणणं त्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता भरायला गाड्या थंड खोलीत, गरम खोलीत, घाटात, वाळवंटात महिनोन्‌महिने चालवतात. तो तक्ता सेन्सरच्या त्या एका जागेसाठीच भरलेला असतो.

मामा : डॉक्टर ताप जिभेखाली घेतो की काखेत, तसं. आकडा सांगताना जागा धरूनच वाचायचा.

भाची : अगदी तेच. म्हणून कंपनीच्या गाडीतला सेन्सर उचलून दुसरीकडे लावू नये, मग ती जागा कितीही चांगली दिसू दे. तक्ता बदलल्याशिवाय जागा बदलणं चूक. पण आपल्या ह्या गाडीत तक्ता आपणच भरणार आहोत. मग सुरुवातच अशा जागेपासून करू जिथे सेन्सर कमीत कमी खोटं बोलतो.

माझ्या मते वादाचं मर्म इथे आहे. 'चांगली जागा कोणती' हा प्रश्न एकटा विचारताच येत नाही. ईसीयू त्या आकड्याचं पुढे काय करतो, ते बरोबर विचारावं लागतं. फोक्सवॅगनच्या १.४ टीएसआय इंजिनाचं उदाहरण भाचीने दिलं ते म्हणूनच नेमकं आहे. २००७ च्या सुमारास त्या इंजिनात पाण्याने थंड होणारा इंटरकूलर चक्क इनटेक मॅनिफोल्डच्या आत बसवला गेला. तिथे थंड पाइप असा उरतच नाही. थ्रॉटलपर्यंत येणारी हवा गरमच असते आणि थंड होते ती मॅनिफोल्डमध्ये. म्हणून त्यात एक सेन्सर थ्रॉटलच्या अलीकडे आणि दुसरा इंटरकूलरच्या पलीकडे, मॅनिफोल्डवर आहे. त्या दोन तापमानांतल्या फरकावरून इंटरकूलरचं पाणी फिरवणाऱ्या पंपाचंही नियंत्रण होतं. अशा इंजिनात मामांची जागाच बरोबर ठरते. स्कॅनरवर सेन्सर एकचे पी०११२, पी०११३ आणि सेन्सर दोनचे पी००९७, पी००९८ असे वेगळे कोड असतात तेही यामुळेच. एका गाडीत हवेचं तापमान दोन ठिकाणी मोजायची गरज पडते, हे कोड ठरवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं.

मामांकडे अजून एक मुद्दा शिल्लक होता.

मामा : दाबाचा सेन्सर थ्रॉटलनंतर, मॅनिफोल्डवर घेतो आपण. मग तापमानाचा थ्रॉटलच्या आधी का? दोन आकडे दोन जागांचे घेऊन गणित कसं जमेल?

भाची : थ्रॉटल अर्धवट मिटलेला असला की त्याच्या दोन बाजूंना दाब फार वेगळा असतो, म्हणून दाब पलीकडेच मोजायला हवा. पण तशा अडथळ्यातून नुसती गळून जाताना हवेचं तापमान जवळजवळ तेच राहतं. तिथे हवा काम करत नाही आणि तेवढ्यात तिला बाहेरून उष्णताही मिळत नाही. त्यामुळे तापमान अलीकडे मोजलं तरी गणिताला बाध येत नाही.

मामा : आणि अंतराचं काय? पाइपात मोजलेली हवा सिलिंडरपाशी पोचेपर्यंत उशीर नाही का होत?

भाची : भरल्या टर्बोवर आपल्या पाइपात हवा सेकंदाला वीस-पंचवीस मीटर वेगाने धावते. सेन्सर थ्रॉटलपासून एक फूट मागे असला तर ते अंतर ती सेकंदाच्या शंभराव्या भागात कापते. उशीर होतो तो सेन्सरच्या आत. त्याला स्वतःला बदल कळायला सेकंद लागतात. म्हणून जवळ-लांब यापेक्षा सेन्सर कुठल्या जातीचा घेतोस हे मोठं. पितळी टोपीतला घेऊ नको, तो पाण्यासाठी ठीक. ज्याच्या टोकाला प्लास्टिकची जाळी आहे आणि आतला मणी उघडा आहे, तो घे.

'जवळचं ते खरं' हा मामांचा मूळ आधार इथे मोडला, असं मला वाटतं. हवेच्या मानाने एक फूट काहीच नाही, आणि धातूला चिकटलेला सेन्सर मात्र व्हॉल्व्हच्या कितीही जवळ असला तरी चुकीच्या गोष्टीच्या जवळ आहे.

पण डिझेलवर मामांनी जे सांगितलं ते भाचीच्या वहीतही नव्हतं. नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी एक्झॉस्टचा काही भाग ईजीआर व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये सोडतात. त्या धुरात काजळी असते, आणि इनटेकमध्ये आधीच टर्बोकडून आलेली तेलाची वाफ असते. दोन्ही मिळून डांबरासारखा थर बसतो.

मामा : ज्या गाडीत तापमानाचा सेन्सर ईजीआरच्या पुढे असतो ना, तो काढला की नुसता काळा गोळा हातात येतो. काजळीचं पांघरूण घेऊन बसल्यावर त्याला हवा कुठली लागणार? गाडी घाटात पिकअप घेत नाही, गिऱ्हाईक म्हणतं टर्बो गेला, आणि टर्बो चांगला असतो. कात्रजच्या चढाला लागले की फोन येतो.

भाची : म्हणून तर डिझेलमध्ये बऱ्याच कंपन्या तो इंटरकूलरनंतर, ईजीआर मिसळायच्या आधी देतात. म्हणजे माझ्याच जागी.

मामा : देतात. आणि मी सांगतो, त्याच गाड्या मला जास्त आवडतात. फक्त पोरं तो सेन्सर कार्ब क्लीनर मारून पुसतात, ते चुकतं. उघड्या मण्याला तसलं जहाल रसायन सोसत नाही. त्यासाठीचा सौम्य क्लीनर मिळतो, तो मारायचा, वाळू द्यायचा, ब्रश लावायचा नाही.

यात मामांनी आपल्याच बाजूविरुद्धचा पुरावा स्वतःहून पुढे ठेवला. हाताने काम करणारा माणूस वाद जिंकण्यापेक्षा गाडी नीट चालण्याला मान देतो, म्हणून अशा वादातून काहीतरी हाती लागतं. कॅलिब्रेशनवाल्यांनी गॅरेजात अधूनमधून बसायला हवं, असं मला मनापासून वाटतं. सहा महिन्यांनी सेन्सरवर काय साचतं, ते चाचणीच्या खोलीत दिसत नाही.

इंधनाचाही विषय निघाला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे हवा आणखी थंड होते. पण हे घडतं इंजेक्टरच्या पुढे, सेन्सर ओलांडून गेल्यावर. पाइपातला असो वा मॅनिफोल्डमधला, ही थंडाई सेन्सरला दिसत नाही आणि दिसायचीही गरज नाही. ती तक्त्यात धरायची. शर्यतवाले पाणी किंवा मिथेनॉल फवारतात तेव्हा मात्र गोष्ट बदलते. फवाऱ्याचे थेंब सेन्सरच्या मण्यावर बसले तर तो ओल्या अंगाचं तापमान सांगतो, हवेचं नाही. तशा गाडीत सेन्सर फवाऱ्याच्या अलीकडे ठेवणं हाच शहाणपणा. ह्या हॅचबॅकवर फवारा नाही, म्हणून दोघेही तिथे थांबले नाहीत.

मग मामांनी पाइपच हातात घेतला आणि बोलणं जागेवर आलं.

मामा : इंटरकूलरमधून निघाल्या निघाल्या इथे लावू?

भाची : नको. इंटरकूलरच्या वरच्या नळ्यांतली हवा आणि खालच्या नळ्यांतली हवा सारखी थंड झालेली नसते. निघाल्याबरोबर ती नीट मिसळलेलीही नसते. थोडं पुढे ये, वळण संपून पाइप सरळ झालाय तिथे.

मामा : वळणाच्या आतल्या अंगाला तर नकोच, तिथे हवा चिकटत नाही. आणि पाइपाच्या तळाला लावणार नाही मी. इंटरकूलरमधलं तेल खाली येऊन साचतं, सेन्सर त्यात बुडेल. वरून किंवा बाजूने.

भाची : टोक पाइपाच्या मध्यापर्यंत पोचलं पाहिजे. भिंतीलगत राहिलं तर पुन्हा धातूचीच गोष्ट.

मामा : सिलिकॉनच्या होजला भोक पाडून लावतात काही जण. दाबाने होज फुगतो, सेन्सर हलतो, एक दिवस सुटतो. मी ॲल्युमिनियमच्या पाइपावर लेथवर फिरवलेली आट्यांची बुश आर्गनने वेल्ड करून घेईन. आणि रेडिएटरच्या पंख्याची गरम हवा जिकडे फेकली जाते त्या अंगाला नाही. टर्बोचा गरम भाग तर लांबच.

भाची : टर्बोच्या आधी काहीही सैल लावू नकोस म्हणजे झालं.

मामा : ते मला शिकवू नकोस. कंप्रेसरचं चाक दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतं. एक वॉशर आत गेला तर पाती उरत नाहीत.

एव्हाना जागेवर मतभेद राहिला नव्हता. पण मामांनी एक अट घातली, आणि ती मला सगळ्या वादातली सर्वांत मोलाची वाटली.

मामा : पाइपात एक लावतो, तुझ्या म्हणण्याने. पण मॅनिफोल्डवरही एक लावणार. हा माझा.

भाची : दोन्हींवर इंधन नाही चालणार, मामा.

मामा : चालवायचंच नाहीये. माझा नुसता नोंदीला. ईसीयूला जादा वायर आहे ना, तिथे जोडू. लॉगमध्ये दोन्ही रेघा दिसू देत. मला तुझ्या तोंडून ऐकायचं नाही, गाडीकडून ऐकायचंय.

भाची : मग नुसत्या तापमानाच्या दोन रेघा बघून निकाल लावू नको. तुझा सेन्सर सुरुवातीला जास्त सांगणार, हे आताच ठरलंय. त्यांच्याबरोबर वाइडबँड लॅम्ब्डाची रेघ घे. रांगेत बराच वेळ उभं राहून एक धाव, आणि इंजिन थंड करून लगेच दुसरी धाव. दोन्ही धावांत पेट्रोलचा तक्ता तोच. पाइपाच्या सेन्सरवर हिशोब चालत असताना दोन्ही वेळी लॅम्ब्डा सारखा राहिला, तर हवा मॅनिफोल्डमध्ये फारशी तापत नाही, आणि तुझा सेन्सर धातू मोजतोय. पण तापलेल्या धावेत मिश्रण दाट निघालं, तर हवा खरोखरच तिथे तापून विरळ होतेय आणि माझा सेन्सर ते बघत नाहीये. मग तक्त्यात पाण्याच्या तापमानाचं वजन मला वाढवावं लागेल.

मामा : आणि किती वाढवायचं?

भाची : ते तुझ्या रेघेवरून काढू.